तांबोशी मोजणार कोण?

गेल्या आठवड्यात तुमच्या फीडवर एखादा लालभडक मासा आला का? माझ्या आला, आणि एकदा रील थांबवून बघितलं म्हटल्यावर अल्गोरिदमने डोकंच खाल्लं. गॉगल लावलेला बाबा, हातात वीतभर रुंद लाल मासा, मागे निळंशार पाणी आणि खाली कॅप्शन: वर्षातले दोन दिवस!

मला वाटलं, अतिशयोक्ती असेल. नव्हती. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडाच्या पूर्व बाजूपर्यंत, हौशी लोकांना केंद्र सरकारच्या हद्दीत रेड स्नॅपर पकडून घरी न्यायला २०२५ मध्ये दोनच दिवस मिळाले. शुक्रवारी आणि शनिवारी, ११ आणि १२ जुलैला. माणशी एक मासा. २०२४ मध्ये तर एकच दिवस होता, १२ जुलै. त्या दिवशी पाऊस-वारा आला असता तर थेट पुढच्या वर्षी भेटू.

आता नकाशावर बोट फ्लोरिडाच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या बाजूला न्या. मेक्सिकोचं आखात. (ट्रम्प सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून ‘गल्फ ऑफ अमेरिका’ केलंय, पण माशांना अजून कळवलेलं दिसत नाही.) तिथेही हाच मासा, तसंच कोमट पाणी. आणि तिथल्या चार्टर बोटींना २०२५ मध्ये किती दिवस? १ जूनपासून १२६.

दोन आणि एकशे सव्वीस. इतका फरक का, हे शोधायला मी बसले आणि गेला आठवडा त्यातच गेला. हे तुम्हाला का सांगतेय? कारण याच सगळ्याची सुरुवात आपल्याकडे, सिंधुदुर्गात, आत्ता होतेय.

आधी चार्टर बोट म्हणजे काय ते सांगते. तुमच्याकडे बोट नाही, पण खोल समुद्रात जाऊन गळ टाकायचाय. मग तुम्ही कॅप्टनसकट बोट भाड्याने घेता. छोटी असेल तर सहा प्रवासी, मोठी असेल तर तिकीट काढून बरेच जण. कॅप्टनला खडक कुठे आहेत, बुडालेली जहाजं कुठे आहेत ते पाठ असतं. फ्लोरिडातलं डेस्टिन, अलाबामातलं ऑरेंज बीच ही अख्खी गावं यावर चालतात: बोटी, हॉटेलं, बर्फ, आमिष, मासे साफ करून देणारी पोरं. आपल्या तारकर्लीत स्कूबाच्या जिवावर जशी घरं उभी राहिली, तसंच समजा.

रेड स्नॅपर म्हणजे आपल्या तांबोशीचा चुलतभाऊ. खडकाच्या, प्रवाळाच्या आसऱ्याने राहतो आणि चक्क पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. इथेच खरी मेख आहे. इतकं जगणारा मासा बेसुमार पकडला तर पुन्हा भरून यायलाही तितकाच वेळ घेतो. शिवाय मोठी, वयस्क मादी तरण्या मादीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते, आणि फोटोसाठी सगळ्यांना हवी असते नेमकी तीच.

म्हणून कोटा आला. आखातातल्या एकूण कोट्यापैकी ५१ टक्के धंदेवाईक मच्छीमारांना, ४९ टक्के हौशी लोकांना. धंदेवाईकांचा मासा धक्क्यावर वजन होऊनच उतरतो, २००७ पासून प्रत्येकाचा हिस्साही ठरलेला आहे. हौशींचं काय? लाखो लोक, स्वतःच्या बोटी, घरामागच्या जेट्टीवरून निघाले आणि तिथेच परत आले. ते किती मासे घेऊन गेले हे सरकार सर्व्हे करून, टपालाने प्रश्नावली पाठवून, धक्क्यावर चार लोकांना विचारून अंदाजाने ठरवत होतं. अंदाज चुकला, कोटा ओलांडला, की पुढच्या वर्षी दिवस कापायचे.

यात एक विनोद दडलाय. उपाय लागू पडले आणि मासे वाढले, वजनदारही झाले. पण कोटा वजनात असतो! मासा जितका मोठा, तितका कोटा लवकर संपतो. म्हणजे समुद्रात मासे जास्त दिसतायत आणि दिवस मात्र कमी होतायत. २००७ मध्ये आखातात हौशींना १९४ दिवस होते, २०१४ मध्ये फक्त नऊ. तुम्ही कॅप्टन असता तर तुमचाही सरकारवरचा विश्वास उडाला असता. भर म्हणजे किनाऱ्यालगतचं पाणी राज्यांचं. राज्यं मतदार सांभाळायला तिथे भरपूर दिवस द्यायची, आणि तो मासा वजा व्हायचा केंद्राच्या हद्दीतल्या दिवसांतून.

या टप्प्यावर चार्टरवाल्यांमधल्या एका गटाने जे केलं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. ते म्हणाले, आम्हाला या गर्दीतून वेगळं काढा. त्यांचा मुद्दा साधा होता. आखातात रीफवरच्या माशांसाठी चार्टरचे नवीन परवाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद आहेत. त्यामुळे परवानाधारक बोटी सुमारे तेराशे, प्रत्येकीचं नाव-गाव माहीत. आमची मोजणी सोपी आहे, मग लाखो न मोजलेल्या बोटींची शिक्षा आम्ही का भोगायची? २०१५ मध्ये ही विभागणी लागू झाली. हौशींच्या वाट्यातले सुमारे ४२ टक्के चार्टरला, बाकीचे खासगी बोटींना.

त्याच वर्षी चार्टरला ४४ दिवस मिळाले, खासगीला १०. २०१७ मध्ये चार्टरला ४९, खासगीला तीन. हो, तीन. त्यावर एवढी ओरड झाली की ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारने खासगी बोटींना ३९ दिवस वाढवून दिले. याने मासा सावरायला काही वर्षं उशीर होईल हे सरकारच्याच कागदावर मान्य केलं होतं, तरी दिले. पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. शेवटी २०२० पासून खासगी बोटींचं व्यवस्थापन आखाताच्या पाच राज्यांकडे गेलं. कुणी ॲप काढलं, कुणी स्वतःचा सर्व्हे. चार्टरचे दिवस मात्र केंद्रच ठरवतं: २०२४ मध्ये ८८, २०२५ मध्ये १२६.

अटलांटिक बाजूला २०२५ मध्ये अशी विभागणी नव्हती. तिथे चार्टरचा कॅप्टन आणि रविवारी स्वतःची बोट काढणारा डॉक्टर एकाच रांगेत, एकाच दोन दिवसांत. अर्थात सगळा फरक मोजणीचाच आहे असं मी म्हणत नाही. तिथला साठा वेगळा आहे, त्याची तब्येतही वेगळी. पण तिथे एक आणखी वाईट गोष्ट घडते, आणि ती कळल्यावर मला ती गॉगलवाली रील पुन्हा बघवली नाही.

रेड स्नॅपरला बंदी असली तरी शेजारचे मासे पकडायला परवानगी असते. गळाला तर वाचता येत नाही. स्नॅपर लागतो. बंदी आहे म्हणून सोडावा लागतो. पण तीस-चाळीस मीटर खोलीवरून झरझर वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी पाण्याचा दाब कमी झाल्याने फुगते. इतकी की पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. असा मासा पाण्यात टाकला तरी खाली जाऊ शकत नाही, फुग्यासारखा तरंगत राहतो आणि पक्षी किंवा डॉल्फिन त्याला उचलतात. अनेकांना वाटतं, तोंडातून आलेली ती पिशवी टोचली की झालं. अहो, ते त्याचं जठर आहे! यावर उपाय म्हणजे वजन लावलेली चिमट्यासारखी वस्तू. माशाचा जबडा त्यात धरायचा, त्याला खोल सोडायचं, तिथे चिमटा सुटतो. अटलांटिक बाजूला ती २०२० पासून बोटीवर ठेवणं सक्तीचं आहे. आखातात २०२२ मध्ये ही किंवा पोटातली हवा काढायची पोकळ सुई, दोन्हींपैकी एक ठेवणं सक्तीचं झालं.

तरीही अटलांटिक बाजूला हौशी मासेमारीत मरणाऱ्या रेड स्नॅपरपैकी बहुतेक हे घरी नेलेले नसतात, सोडून दिलेले असतात. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे नियम पाळलात, मासा सोडलात, आणि तो मेला. कुणाच्याच ताटात नाही आणि समुद्रातही नाही. मग सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव आणला: ईशान्य फ्लोरिडाजवळ वर्षातले तीन महिने तळाच्या माशांसाठी गळ टाकणंच बंद. चार्टरवाल्यांचे तीन महिने घरी बसून जाणार म्हटल्यावर आगडोंब उसळला आणि जूनच्या अंतिम नियमात ते कलम गायब झालं. शास्त्रीयदृष्ट्या प्रस्तावात तथ्य होतं असं माझं मत. पण हप्त्यावर बोट घेतलेल्या कॅप्टनला ते मत फोनवर ऐकवायची हिंमत माझ्यात नाही.

आणि चार्टरवालेसुद्धा काही संत नाहीत हं. मोजणी नीट व्हावी म्हणून केंद्राने त्यांच्या बोटींवर जीपीएस ट्रॅकर सक्तीचा केला, शिवाय प्रत्येक फेरीची माहिती, भाडं, इंधनाचा खर्चही भरायला सांगितला. काही कॅप्टन कोर्टात गेले. आम्ही गुन्हेगार नाही, चोवीस तास पाळत कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पूर्ण योजनाच रद्द झाली, ट्रॅकरसोबत मासे नोंदवायची वहीसुद्धा. ज्या गटाने ‘आम्हाला मोजा’ म्हणून दिवस मिळवले होते, त्यांच्यातल्याच लोकांनी मोजपट्टी मोडली. त्यानंतर दुसऱ्या गटाचे कॅप्टन निदान वही तरी परत आणा म्हणून मागे लागले. ट्रॅकरबद्दल मला कॅप्टनांचा राग समजतो. लोकेशन शेअर करायला सांगितलं तर आपण आईवरही चिडतो. पण वही? तिच्याशिवाय १२६ चे पुन्हा नऊ कधी होतील ते कुणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं मी गावी फोन करून काकांना सांगितलं. ते मालवणजवळ राहतात, हयात गरवण्यात गेली. दोनच दिवस परवानगी म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाले, “आणि उरलेले दिवस काय खातत ते?”

गंमत बघा, १ जूनला आखातातल्या चार्टर बोटी सुटतात आणि त्याच १ जूनला आपल्या यांत्रिक बोटी बंदीमुळे किनाऱ्याला लागतात, ३१ जुलैपर्यंत. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्सही बंदच. पण हंगाम सुरू झाला की मालवण, देवबाग, निवतीकडे पर्यटकांना गळ टाकायला नेणं आता नवीन राहिलेलं नाही. त्यात भर पडतेय. नौदलातून निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ हे ८३ मीटर लांबीचं जहाज निवतीच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ उभारायची तयारी २०२५ मध्ये सुरू होती. अमेरिकेत तेच चाललंय. २००६ मध्ये पेन्साकोलाजवळ ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका बुडवली. ‘एसएस युनायटेड स्टेट्स’ हे जवळपास तीनशे मीटरचं जुनं प्रवासी जहाज डेस्टिनजवळ बुडवण्यासाठी २०२५ मध्ये अलाबामात आणून ठेवलं. बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात, माशांमागे गळ जमतात. गुलदारभोवतीही जमतील. तिथे गळ टाकू देणार की फक्त स्कूबा, आणि टाकू दिला तर माणशी किती मासे, हे जहाज तळाला जायच्या आधी ठरायला हवं. नंतर ज्यांच्या बोटी हप्त्यावर असतील ते ठरवू देणार नाहीत, हे फ्लोरिडाने दाखवलंय.

कोरी पाटी आहे असंही नाही. २०२३ मध्ये आपल्या राज्याने ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण तो नियम डोळ्यांसमोर जाळी ठेवून केलेला आहे. पुण्याहून आलेल्या, पहिल्यांदाच गरी हातात धरणाऱ्या सहा जणांच्या बोटीवर फूटपट्टी कोण काढणार?

काकांना हेच विचारलं. “मोजूक कोण बसतलो, गो बाय? समुद्र म्हणजे काय दुकान?” मग त्यांनीच ओळखीच्या एका बोटवाल्याचा नंबर दिला. पर्यटकांना गरवायला नेतो, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा. मी विचारलं, गेल्या हंगामात तुझ्या बोटीवर किती मासे लागले? हसला. म्हणाला, वही नाही ठेवत गं, पण फोटो आहेत. रात्री त्याने दोनशेच्या वर फोटो पाठवले. मी खरंच मोजायला बसले. अर्ध्यावर लक्षात आलं, एकाच तांबोशीला हातात धरून सहा जणांनी फोटो काढलेत.