इतर परिस्थिती कायम असताना

बारावीच्या अर्थशास्त्रात एक वाक्य आहे. इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते, किंमत उतरली की मागणी वाढते. मागणीचा सिद्धान्त. जळगाव-धुळ्याच्या शिकवण्यांत आपली पोरं हे वाक्य घोकतात. सर बजावतात, ‘इतर परिस्थिती कायम असताना’ एवढं लिहायला विसरू नका, नाहीतर मार्क गेला. पोरं खाली रेघ मारतात. सर पुढच्या धड्याला लागतात.

कुणी विचारत नाही, सर, ही इतर परिस्थिती म्हणजे काय?

पुस्तक सांगतं: ग्राहकाचं उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या, पर्यायी वस्तूंच्या किमती, सरकारचं करधोरण. यादी बरोबर आहे. पण तिच्यात एक गोष्ट नाही. जात नाही.

दोस्तांनो, यादीबाहेरचा पुरावा लांब शोधायला नको, तो खानदेशातच आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती. तिचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. धुळ्याच्या गाडीनं चाळीसगावला परतले. स्टेशनापासून महारवाडा दोनेक मैल. वस्तीची माणसं तांगा ठरवायला गेली. तांगे उभे होते. भाडं द्यायला पैसे होते. मागणी होती, पुरवठा होता, किंमत मान्य होती. पण अस्पृश्याला बसवून तांगा हाकायला एक तांगेवाला तयार होईना. शेवटी तांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला, ज्याला तांगा हाकायची सवय नव्हती. नदीच्या फरशीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय.

कोलंबियाचा आणि लंडनचा अर्थशास्त्राचा डॉक्टर चाळीसगावच्या फरशीवर पडला तो असा. आता काढा मागणीचा वक्र. तांगेवाल्याला भाडं नको होतं असं नाही. त्याला भाड्यापेक्षा जात महाग होती. आपल्या मुलुखात इतर परिस्थिती कायम असते ती अशी.

आता शिकवणीचं बोलू.

आपली पोरं शिकवणीला जातात ती हौस म्हणून नाही. कॉलेजात जागा रिकाम्या, शिकवणारा तासिका तत्त्वावर, पोर्शन अर्धा. यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीकडून पोरगं एस.टी.नं येतं, कॉलेजात हजेरी लावतं आणि खरं शिकायला बाहेर पैसे मोजतं. केळीच्या बागेत रोजानं जाणारी एक माय मला म्हणाली, “मना पोऱ्या बारावीले शे, भाऊ.” पुढं काही बोलली नाही. त्या एका वाक्यात फीचा आकडा होता, उधारी होती, आणि हे पोरगं तरी बागेत जाणार नाही ही आशा होती.

पुस्तकात लवचीकतेचा धडा आहे. किंमत वाढली तरी मागणी फारशी हलत नाही, ती कमी लवचीक. उदाहरणं: मीठ, औषध. आता शिकवणीही त्यातच घाला. फी वाढली म्हणून माय पोराला घरी बसवत नाही. एक वेळचं दूध बंद करते. बाजाराला हे चांगलं कळतं, म्हणून फी वाढते.

केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. ती कॉलेजची फी बघते. बाहेरच्या शिकवणीचं तिच्या हिशेबात नाव नाही. म्हणजे जिथं खरं शिक्षण होतं तिथं सवलत नाही, आणि जिथं सवलत आहे तिथं शिक्षक नाही.

शिकवणीच्या सरांना मी शिव्या देत नाही. त्यांतले कितीतरी सेट-नेट होऊन, कायमची नोकरी न मिळाल्यानं दोन खोल्यांत बाकं टाकून बसलेत. तेही बाजारात उभे. पण ते विकतात काय? आय.एम.पी. प्रश्न. तयार उत्तरं. अर्थशास्त्र नाही विकत, मार्क विकतात. विकत घेतलेलं उत्तर परीक्षेच्या हॉलबाहेर उपयोगी पडत नाही. आणि आपलं सगळं मरण हॉलबाहेरच आहे.

बाबासाहेब अमेरिका-लंडन करून १९१७ साली परतले तेव्हा पोटासाठी त्यांनी शिकवण्यासुद्धा केल्या. शेअर-गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा धंदा काढला. सल्ला चोख होता. गिऱ्हाइकांना जात कळली, गिऱ्हाइकं गेली. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या काही प्राध्यापकांनी एका भांड्यातलं पाणी त्यांना पिऊ द्यायला हरकत घेतली. पोरांना राष्ट्राच्या संपत्तीचं शास्त्र शिकवणाऱ्याला घोटभर पाण्याचा हक्क नव्हता. हा धडा कुठल्या गाइडात आहे?

आपल्या भिंतींवर बाबासाहेबांचा फोटो आहे. भाषणात आपण ठोकून देतो, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांची. टाळी मिळते. पण रुपयावरच्या १९२३ च्या त्यांच्या ग्रंथात काय आहे असं कुणी विचारलं तर सभा गप्प. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर मोकळं सोडू नका. रुपयाची खरेदीशक्ती घसरली की व्यापाऱ्याचा नफा वाढतो आणि तो मजुराच्या खऱ्या मजुरीतून निघतो. मी गोदीत काम करतो, मॅट्रिक आहे, पण हे मला दोन मिनिटांत समजलं. माल निर्यात होतो, कुणीतरी हात चोळत हसतो, आणि माझ्या पगारात तेल-डाळ गेल्या वर्षापेक्षा कमी येते. पुस्तकातला सहावा धडा निर्देशांकांचा, दहावा विदेशी व्यापाराचा. दोन्ही धडे माझ्या पाठीवर आहेत. शिकवणीत त्यांचं सूत्र पाठ होतं, अर्थ पाठीवरच राहतो.

आठवा धडा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा. हा तर बाबासाहेबांचा खास विषय. ब्रिटिश अमलातल्या प्रांतांच्या पैशावर त्यांनी कोलंबियाची डॉक्टरेट मिळवली. सरकार पैसा कुणाकडून घेतं, कुणावर खर्च करतं, एवढाच तो धडा. आता बघा. २०२५ साली राज्याच्या सामाजिक न्याय विभागाचे ४०० कोटींच्या वर रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानं जाहीर तक्रार केली. त्या बहिणींत आपल्या आयाही आहेत, त्यांच्या पैशाला माझा विरोध नाही. प्रश्न असा की दलितांच्या ताटातून काढून तेच दुसऱ्या नावानं वाढायचं, याला काय म्हणतात? वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या याच विभागाच्या पैशावर चालतात. किती पोरांनी अंदाजपत्रकाचं ते पान उघडलं? आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो. समोरचा साहेब दोन आकडे फेकतो आणि आपण खाली बघतो. घोषणेला आकड्याचा दात नसेल तर साहेब घाबरत नाही.

म्हणून मी पोरांना शिकवणी सोडा म्हणत नाही. पेपर ८० मार्कांचा आहे, २० अंतर्गत. तो काढायचाच. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ लिहायचंच, मार्क सोडायचा नाही. पण ज्यांच्याकडे फी नाही त्यांनी घरी बसायचं नाही, आणि ज्यांनी फी भरली त्यांनी शिकलेलं एकट्याच्या वहीत कोंडायचं नाही.

जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे. संध्याकाळी तिथं दिवा असतो. बारावी झालेल्यानं बारावीच्या पोराला शिकवायचं, बी.ए.वाल्यानं दोघांना. बालभारतीचं पुस्तक मोबाइलवर फुकट उतरतं, बोर्डाचे जुने पेपर मिळतात. आठवड्यातून एक दिवस पुस्तक मिटून वस्तीचा हिशेब मांडायचा. रोज किती, किराणा किती, सावकाराचं व्याज किती, कुणाला काम नाकारलं आणि का. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात मायच्या घरकामाची मोजदाद होत नाही. ती आपण मांडायची. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते. त्या आठवणीत दर ३१ जुलैला आपण तिथं जमतो. या खेपेला हारासोबत वापरलेली पुस्तकं आणा. गेल्या वर्षीच्या पोराचं पुस्तक या वर्षीच्या पोराच्या हातात जाऊ द्या.

आणि बोर्डाच्या पेपरात एक प्रश्न येतो, त्याकडे नीट बघा. खालील विधानांशी आपण सहमत आहात की नाही ते सकारण स्पष्ट करा. शिकवणीत त्याचंही उत्तर तयार मिळतं. अरे, निदान असहमत तरी स्वतःच्या डोक्यानं व्हा! आपल्या बापजाद्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बाबासाहेबांनी न विचारताच त्याचं उत्तर लिहिलं, कारणांसकट, आकड्यांसकट. नुसतं असहमत लिहिणाऱ्याला पुरे मार्क मिळत नाहीत. कारण लिहावं लागतं. ते शिका.

जय भीम.