गोठ्याचा खांब व तळखडा

जुन्या वाड्याचा सागवानी खांब मातीत पुरलेला सहसा आढळत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. आजच्या गोठ्याचा खांब मात्र हात-दीड हात जमिनीत गाडून त्याच्या बुडास इंजिनाचे जळके तेल फासण्यात येते व लाकूड सुरक्षित झाले असे मानण्यात येते. ही समजूत चुकीची होय.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली राहिल्यास ती वाढत नाही. खोल मातीत हवा अपुरी असते. म्हणून खांब कुजतो तो बहुधा जमिनीच्या पातळीलगत. गोठ्यात तर गोमूत्राने तेथे बारमाही ओल. तेलाचा हात वरच्यावर राहतो, आणि खांब उन्हाने तडकला की भेगेतून बुरशीस वाट मिळते. सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी टिकत नाही.

तळखड्यास खर्च पडतो, ही तक्रार खरी आहे. परंतु छपरास टेकू देऊन खांब बदलण्याचा खर्च शेतकरी हिशेबात धरीत नाही. घडीव दगडच हवा असेही नाही. वीतभर उंचीचा, उतरत्या माथ्याचा काँक्रीटचा ओटा पुरतो. मात्र पत्र्याच्या हलक्या छपरास वळवाच्या वाऱ्याचे भय असल्याने खांब ओट्यात बसविलेल्या लोखंडी पट्ट्यांस बोल्टाने जखडावा.

ओट्याने वाळवी थांबत नाही. ती उघड्यावर येते, एवढेच. दसऱ्याच्या सुमारास ओट्यावरील मातीच्या नळ्या पाहून खरवडून काढाव्यात.