बोडीतलं पोहणं समुद्रात पुरत नाही

डिसेंबर आला की कॉलेजच्या सहली निघतात. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, मग कोकण नाहीतर गोवा. गोंदियातल्या अनेकांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो तेव्हाच. आणि "मला येतं ना पोहता, गावच्या बोडीत शिकलोय!" म्हणत गडी थेट पाण्यात.

बोडीचं पाणी एका जागी असतं, समुद्राचं नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तुमच्याच वयाचे.

सर्फिंग करणारी पोरं पाण्यात शिरण्याआधी काठावर उभी राहून नुसतं बघतात. लाटा कुठे फुटतात, कुठे नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मधली शांत पट्टी आपल्याला सेफ वाटते; पण बरेचदा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात आत परततं. हाच रिप करंट. सर्फर त्याच्यावरून फुकटात आत जातो, पण त्याच्याकडे बोर्ड असतो (आणि सराव). तुम्ही अडकलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हा.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सहलीच्या पत्रकात बसची वेळ असते, जेवणाचीही असते. ही मात्र नसते. यंदाचं पत्रक छापायच्या आधी सरांना तेवढी एक ओळ टाकायला सांगा.