पंचनाम्यात न आलेली माणसे

पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारचे ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. सत्ताधाऱ्यांनी ते ऐतिहासिक ठरवले, विरोधकांनी तुटपुंजे ठरवले आणि दोन्ही बाजू आपापल्या पत्रकार परिषदा आटोपून मोकळ्या झाल्या. सीना, सिंदफणा आणि गोदावरीच्या काठची जमीन सप्टेंबर २०२५च्या पुरात खरडून गेली, तिच्यावर जगणारा माणूस आज कोठे आहे, हे मात्र कोणीच विचारले नाही. तो ऊसतोडीला गेला. गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला, ट्रॅक्टर दारात लागले आणि बीड-धाराशिवच्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे मागे राहिली. सरकारने ६८ लाख हेक्टरांवरच्या पिकांचे नुकसान मोजले. घर सोडून गेलेल्या कुटुंबासाठी पंचनाम्यात रकानाच नाही.

‘बीडची माणसे वर्षानुवर्षे ऊसतोडीला जातातच, यात नवे काय?’ हा प्रश्न मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत ऐकू येतो आणि तो संतापजनक आहे. नवे आहे ते हे, की आता परतण्याजोगे काही उरलेले नाही. पूर्वी एखादे वर्ष कोरडे गेले, तरी शिवार जागेवर असायचे. पुढच्या मृगाला माणूस तिफण घेऊन उभा राहायचा. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात २०२५मध्ये पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर पाठवावे लागले. एकाच पिढीने एकाच शेतावर दोन्ही टोके पाहिली. हा निसर्गाचा लहरीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्येच दाखवून दिले होते. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदमच ओतते. मधले दिवस कोरडे जातात. इशारा आपल्याच राज्यातून मिळाला होता.

आता पॅकेजमधली तरतूद पाहा. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि तीन लाख रुपये मनरेगातून. कागदावर रक्कम भरघोस दिसते. पण नदी शेतातून गेली, की काळी माती जाते आणि खाली मुरूम आणि गोटे उरतात. त्यावर गाळ आणून पसरायचा, बांध घालायचे, पुन्हा कस येईपर्यंत काही हंगाम थांबायचे. मनरेगाच्या कामाला जॉबकार्ड हवे, मंजुरी हवी, मोजमाप हवे आणि मुख्य म्हणजे माणूस गावात हवा. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम यातले काहीच मागत नाही. तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, रोख हातावर ठेवतो. ती एकदा घेतली, की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात आणि फिटेपर्यंत त्यांना फडातून हलता येत नाही. जोडीतल्या एकाने आजारपणात अंग टाकले, तरी खाडा धरला जातो. बीडमधल्या हजारो ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे २०१९मध्ये उघड झाले, तेव्हा सभागृहात केवढा आक्रोश झाला होता! समिती नेमली गेली, अहवाल आला. पण बाई पोटाच्या दुखण्यानेही सुट्टी घेऊ शकत नाही, अशा कामावर तिला ढकलते कोण, या प्रश्नापर्यंत आपण गेलोच नाही. तिला आटलेली विहीर ढकलते, वाहून गेलेले रान ढकलते.

पूरग्रस्तांसाठी उसाच्या टनामागे पाच रुपये घेण्याचे गाळप हंगामाच्या मंत्री समितीने ठरवले. तो टन पहाटेच्या थंडीत तोडून, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवणारा माणूसच पूरग्रस्त आहे. हे त्या बैठकीत कोणाला आठवू नये?

दिल्लीतही वेगळे चित्र नाही. पंधराव्या वित्त आयोगाने नदी आणि समुद्राच्या धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक हजार कोटी रुपये सुचवले, धोरण आखायला सांगितले. दुष्काळाने गाव सोडणारा त्यात बसत नाही. आसामचे खासदार प्रद्युत बोर्दोलोई यांनी २०२२मध्ये हवामान स्थलांतरितांसाठी खासगी विधेयक मांडले. देशात असा कायदा आजही नाही. ओडिशातले सातभाया समुद्राने गिळले, तिथल्या कुटुंबांना बागपाटियाला जागा दिली गेली, पण शेती आणि मासेमारी गेल्यावर हाताला काम नाही म्हणून तिथले तरुण केरळची गाडी धरतात. घर दिले म्हणजे पुनर्वसन झाले, या समजुतीचा हा निकाल आहे. आणि जागतिक बँकेने तर २०२१मध्येच बजावले आहे, की २०५०पर्यंत जगात २१ कोटी ६० लाख लोकांना आपल्याच देशात घर बदलावे लागू शकते, त्यातले सुमारे चार कोटी दक्षिण आशियातले असतील. ही माणसे पुण्याच्या, मुंबईच्या, सुरतच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहणार आहेत. तेव्हा त्यांना अतिक्रमण म्हणून हटवायला यंत्रणा लगेच सापडेल.

पूरग्रस्त तालुक्यांतून २०२५च्या हंगामात किती कुटुंबे बाहेर पडली, त्यांतली किती पहिल्यांदाच गेली, किती मुलांची शाळा सुटली, हे आकडे मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात ठेवावेत. ते नसतील, तर कारखान्यांच्या फडांवर तलाठी आणि शिक्षक पाठवून महिनाभरात गोळा करावेत. हंगामी वसतिगृहे उशिरा सुरू होतात, ही ओरड जुनी आहे. ती निदान पुराच्या वर्षी तरी दिवाळीआधी उघडायला हवी होती. खरडलेल्या जमिनीची मनरेगाची कामे एप्रिल-मेमध्ये, गाळप संपून माणसे गावी परतल्यावर सुरू होतील अशी मंजुरी आताच द्यावी. आणि पूरग्रस्ताने मुकादमाकडून घेतलेली उचल सरकारने बिनव्याजी कर्ज देऊन फेडावी, म्हणजे पुढच्या दसऱ्याला गावात राहायचे की ट्रॉलीत बसायचे, हे त्याला स्वतः ठरवता येईल.