सहावी स्क्वाड्रन: जंगलावरून समुद्रावर

भारतीय हवाई दलाची सहावी स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ रोजी तिरुचिरापल्लीला उभी राहिली. प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग. हाती हरिकेनसारखी लढाऊ विमाने असली, तरी नेमून दिलेले काम टेहळणीचे होते. १९४३ च्या अखेरीस ती ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर गेली. तिथे विमाने जोडीने उडत. एक वैमानिक जपानी ठाणी, होड्या आणि वाटा यांची छायाचित्रे घेई, दुसरा त्याची पाठ राखी. दाट जंगलात चाचपडणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या आर्मीला हीच माहिती हवी होती, म्हणून ‘चौदाव्या आर्मीचे डोळे’ हे नाव स्क्वाड्रनला चिकटले. मेहर सिंगांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) मिळाला. महायुद्धात हा सन्मान मिळवणारे भारतीय हवाई दलातले ते एकमेव अधिकारी.

युद्धानंतर ही ओळख फार टिकली नाही. स्पिटफायर येऊन गेली, मग डाकोटा मालवाहू विमाने आली आणि फाळणीत स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिथली सहावी स्क्वाड्रन पुढेही वाहतुकीचेच काम करत राहिली. भारताकडे उरला फक्त क्रमांक.

तो क्रमांक जानेवारी १९५१ मध्ये पुण्यात पुन्हा वापरात आला, तोही भंगारात निघालेल्या विमानांवर. दोस्त राष्ट्रांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पुन्हा कोणी उडवू नयेत, अशा बेताने मोडून ठेवलेली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती जेमतेम उडण्याजोगी केली आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती दुरुस्तीसाठी बंगळूरला नेली. एवढी जोखीम घेऊन मिळवलेल्या या विमानांचा खरा गुण बॉम्बफेकीपेक्षा लांब पल्ल्यात होता. स्क्वाड्रन समुद्रावरच्या टेहळणीकडे वळली ती त्यामुळेच. साठच्या दशकात एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानेही याच कामाला जुंपली गेली. लिबरेटर १९६८ मध्ये निवृत्त झाली.

समुद्रावरची टेहळणी कोणाची, हा प्रश्न मात्र धुमसत होता. युद्धनौकांना जी माहिती हवी ती गोळा करणारी विमाने आपल्याच हाती असावीत, असे नौदलाचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे गेले, सुपर कॉन्स्टेलेशन गोव्यात दाबोळीला नौदलाच्या ३१२ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली.

सहाव्या स्क्वाड्रनकडे समुद्र राहिला, पण जहाजे शोधण्याऐवजी त्यांच्यावर मारा करण्याचे काम आले. आधी कॅनबेरा आणि ऐंशीच्या दशकात जॅग्वार ही विमाने मिळाली. जॅग्वार मुळात जमिनीवरील लक्ष्यांसाठी घडवलेले विमान. त्याच्या सागरी आवृत्तीच्या नाकात अगावे रडार बसवले गेले आणि पाण्यालगत झेपावणारे सी ईगल क्षेपणास्त्र जोडले गेले. आसन एकच, त्यामुळे उड्डाण, रडार आणि मारा सारे एकट्या वैमानिकावर. पुढे स्क्वाड्रन पुण्याहून जामनगरला हलली. सी ईगलची जागा घेण्यासाठी हार्पून क्षेपणास्त्रांची खरेदी झाली.