आवाज न करणाऱ्या यंत्राची किंमत

मंडळी, आधी एक जुनी बातमी. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात स्टेनिंग नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे एसएमई नावाची कंपनी रेकॉर्ड वाजवायची यंत्रं बनवते. टर्नटेबलच्या जगात या नावाचा मान घड्याळांमधल्या रोलेक्ससारखा, किंबहुना कांकणभर जास्तच. २०१६ साली ही कंपनी पुण्याच्या केडन्स समूहाने विकत घेतली. अजय शिर्के यांचा समूह, हो, तेच जे बीसीसीआयचे सचिव होते. पाठोपाठ २०१८ मध्ये गॅरार्ड हा आणखी एक जुना ब्रिटिश ब्रँडही याच समूहाकडे आला.

हे कळलं की आपली प्रतिक्रिया ठरलेली. "बघा, साहेबाची कंपनी आपल्या माणसाने घेतली!" छाती फुगवायला माझी काहीच हरकत नाही. पण मला यातली दुसरीच गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटते. मालक पुण्याचा झाला, पण कारखाना स्टेनिंगलाच राहिला. चाकणला किंवा भोसरीला कितीतरी कमी पैशांत प्लँट उभा राहिला असता. सीएनसी मशीन काय, तिथेही तेच आणि इथेही तेच. ड्रॉइंग ईमेलने येतात. मग कारखाना तिकडेच का?

माझं मत असं, की यात खरी किमती वस्तू ड्रॉइंग नव्हतीच. ती काय होती हे सांगायला मला भिवंडीला जावं लागणार आहे. मी तिथेच वाढलो, त्यामुळे हा पक्षपात समजा हवं तर :-) पण त्याआधी टर्नटेबल हे प्रकरण नेमकं काय असतं ते बघू.

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू वाजते तेव्हा सुई साधारण साडेचारशे मीटर लांबीची खाच कापत जाते. या खाचेची रुंदी माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहून कमी. तिच्या भिंतींवरची जी बारीक वळणं म्हणजे संगीत, त्यातली काही एका मायक्रॉनहूनही लहान असतात. सुईला काहीच कळत नाही. आपण हललो ते गाण्यामुळे, मोटरमुळे, की वरच्या मजल्यावरच्या मिक्सरमुळे, तिला सगळं सारखंच. जे हलवेल ते ती वर पाठवते आणि अँप्लिफायर ते मोठं करून ऐकवतो.

म्हणजे टर्नटेबलचं काम काय? तबकडी एकसारख्या वेगाने फिरवायची आणि बाकी काहीही करायचं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या सॉफ्टवेअरचा एकमेव फीचर 'काहीही घडू न देणे' हा आहे, असं सॉफ्टवेअर. डेमो देता येत नाही, स्क्रीनशॉट काढता येत नाही. आणि अशाच गोष्टी बनवायला सगळ्यात अवघड असतात.

पहिला प्रश्न वेगाचा. भीमसेनजींनी षड्ज लावून धरलाय आणि तबकडीचा वेग किंचित कमी-जास्त होतोय, तर तो षड्ज डुलायला लागतो. त्यात आपल्याकडे एक खास देशी अडचण होती. पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असायची, जिचा वेग थेट विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. इंग्लंडात ५० हर्ट्झ म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्याकडे १९९०च्या दशकात ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५०च्या बरीच खाली घसरायची. समजा ती ४८.५ झाली, तर वेग तीन टक्क्यांनी कमी, म्हणजे गाणं उतरून दोन लगतच्या पट्ट्यांच्या साधारण मधोमध आलं. हार्मोनियम घेऊन सोबत बसलात तर कुठलीच पट्टी जुळायची नाही! आज चांगल्या टर्नटेबलमध्ये मोटरला लागणारी फ्रिक्वेन्सी वेगळं सर्किट तयार करतं, भिंतीतल्या प्लगवर विसंबत नाहीत.

दुसरा प्रश्न घरघरीचा. मोटर थरथरते, ते थरथरणं तबकडीपर्यंत पोचू द्यायचं नाही. याची तीन उत्तरं आहेत. गॅरार्डने १९५४ साली ३०१ हे मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि तबकडीच्या मध्ये रबरी चाक. जोर भरपूर, पण सगळं भाग घट्ट आणि अचूक बसलं तरच शांत. एडगर विल्चर या अमेरिकन इंजिनिअरने १९६१ साली एआर कंपनीचं टर्नटेबल आणलं. त्यात लवचिक पट्टा, आणि तबकडी व आर्म दोन्ही स्प्रिंगवर तरंगत्या एकाच चौकटीवर. आणि १९७०च्या सुमाराला जपानच्या टेक्निक्सने पट्टा, चाक सगळं फेकून देऊन तबकडीच्या खालीच मोटर बसवली. गंमत म्हणजे तिन्ही पद्धती आजही जिवंत आहेत आणि त्यांचे भक्त एकमेकांशी आजही भांडतात. इंजिनिअर म्हणून माझं म्हणणं, तिन्ही बरोबर आहेत. पद्धत कुठलीही घ्या, यश शेवटी बेअरिंगवर, तोलावर आणि जोडणीवर ठरतं.

तिसरा प्रश्न भूमितीचा. मूळ तबकडी कोरताना कोरणी काठाकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. वाजवताना मात्र आर्म एका खिळ्याभोवती वर्तुळात फिरतो. दोन्ही तंतोतंत कधीच जुळणार नाहीत. मग आर्मला थोडा बाक देऊन चूक फक्त दोन जागी शून्य करतात, केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, आणि बाकी ठिकाणी सोसण्याइतकी ठेवतात. हे गणित १९३८-४१च्या सुमाराला सुटलेलं आहे. एसएमईने १९५९ मध्ये पहिला आर्म विकायला काढला, त्याचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे सरकता पाया. आर्म पुढेमागे सरकवून हे माप अचूक लावता येतं. गणित सगळ्यांना माहीत होतं, यांनी ते माणसाच्या बोटांना जमेल असं करून दिलं.

आता ही यंत्रं बनवणारी माणसं कोण होती बघा. एसएमई म्हणजे मुळात स्केल मॉडेल इक्विपमेंट. १९४६ साली छोटी मॉडेलं आणि त्यांचे सुटे भाग बनवायला सुरू झालेला कारखाना. मालक ॲलेस्टर रॉबर्टसन-एकमन यांना स्वतःसाठी चांगला आर्म हवा होता म्हणून त्यांनी तो बनवला. गॅरार्डची सुरुवात १९१५ची, पहिल्या महायुद्धात तोफखान्याला अंतर मोजायची उपकरणं पुरवायला. ग्लासगोच्या लिनचा संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन, त्याच्या वडिलांचा अचूक यंत्रभाग कातायचा कारखाना होता. रेगाचे रॉय गँडी फोर्डमध्ये इंजिनिअर होते. यात संगीताचा साक्षात्कार झालेला ऋषी एकही नाही. सगळे वर्कशॉपवाले, फिटरची जमात. हाय-एंड टर्नटेबल ही ब्रोशरमध्ये कविता वाटते, पण ती लेथवर जन्माला येते.

म्हणूनच मला भिवंडी आठवते. लूमच्या शेडमध्ये कधी गेला नसाल तर एकदा जा. एकेका लूमला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, जड चाक आणि मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे आपटणारा धोटा. प्रत्येक आपटण्याला मशीनवर झटका बसतो, आणि तो झटका गिळायला जड चाक. टर्नटेबलची जड तबकडीही हेच करते. जोरदार तान आली की सुईचं घर्षण वाढतं, तो फरक तबकडीचं वजन गिळून टाकतं. तत्त्व एकच. एक यंत्र जगातल्या सगळ्यात कर्कश जागेत चालतं आणि दुसरं सगळ्यात शांत खोलीत, एवढाच फरक!

शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर. कामगारांचे कान त्यात जातात, हे काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही. पण त्यामुळे तिथला मिस्त्री कानाने ऐकतच नाही, तो हाताने ऐकतो. लूमच्या अंगावर तळवा ठेवतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय, पट्टा सैल आहे, धोटा वाकडा उडतोय. कित्येक दशकं जुने लूम, ज्यांचे मूळ बनवणारे कधीच नाहीसे झाले, असे मिस्त्रींनी चालते ठेवले. यात मराठी, तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारकडचे, सगळे आले. यातलं कुठेही काही लिहिलेलं नाही. आपल्या भाषेत, झिरो डॉक्युमेंटेशन.

हे लूम गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या संख्येने भंगारात गेले. किलोच्या भावाने. शेडच्या जागी गोदामं आली. आज तुम्ही ऑनलाइन टर्नटेबल मागवलं तर बहुतेक ते माणकोली किंवा काल्हेरच्या बाजूच्या एखाद्या गोदामातूनच येईल.

कोणी म्हणेल, "अरे, लूमचा मिस्त्री कुठे आणि एसएमईचा फिटर कुठे? तो मायक्रॉनमध्ये काम करतो, हा हातोडीने." मान्य आहे. उद्या भिवंडीतून ३०१ बाहेर पडेल असं मी म्हणतच नाही. पण हा फरक रक्तातला नाही. भिवंडीत बरंचसं काम मजुरीवर, धाग्यामागे पैशांच्या हिशेबाने चालतं. मशीन अचूक चाललं म्हणून तिथे कोणी एक दमडी जास्त देत नाही. मग मिस्त्री 'चाललं ना, बास' इथेच थांबणार. स्टेनिंगच्या गिऱ्हाइकाने नेमक्या त्या पुढच्या कष्टाचे पैसे साठ वर्षं दिले. त्यामुळे तिथे एक सवय तयार झाली. भाग घरीच बनवायचा, मोजायचा, जमला नाही तर फेकायचा. पुण्याच्या समूहाने विकत घेतली ती ही सवय, असं मला वाटतं. ती जिथे आहे तिथून उचलून चाकणला नेता येत नाही.

मात्र अशी सवय जिथे आहे तिथे टिकवता येते, आणि त्याचं उदाहरणही आहे. चेक देशात लिटोव्हेल म्हणून गाव आहे. साम्यवादी काळात तिथे टेस्ला या सरकारी कंपनीचा टर्नटेबलचा कारखाना होता. १९८९ नंतर राज्यव्यवस्था बदलली, सीडी आली, आणि त्या कारखान्याचं भवितव्य भंगारच दिसत होतं. तेव्हा हाइन्झ लिश्टेनेगर हा ऑस्ट्रियन माणूस तिथे पोचला आणि १९९१ मध्ये त्याने प्रो-जेक्ट सुरू केलं. आज जगभर पहिलं टर्नटेबल म्हणून जी यंत्रं घेतली जातात त्यातली ढीगभर त्या गावातून येतात. त्या माणसाने नवं तंत्रज्ञान शोधलं नाही. हात रिकामे व्हायच्या आत तो तिथे पोचला, एवढंच.

असो. आता ज्यांचा बोनस आलाय आणि मन टर्नटेबलकडे धावतंय त्यांच्यासाठी. दुकानात जाऊन फिटरचे तीन प्रश्न विचारा. वेग स्थिर आहे का, आणि किती, ते आकड्यात सांगा. बेअरिंग आणि मोटरची घरघर किती? आणि वीस वर्षांनी पट्टा, बेअरिंग, सुई कोण देणार? लिनचं एलपी१२ हे १९७३चं मॉडेल आजही नवे भाग बसवून सुधारता येतं. आपल्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं ॲप नव्या फोनवर चालत नाही, तिथे ही गोष्ट मला कुठल्याही सोनेरी प्लेटिंगपेक्षा मोलाची वाटते. या तीन उत्तरांसाठी खुशाल पैसे द्या. त्यापलीकडचं ॲक्रिलिक, क्रोम आणि 'आत्मा' वगैरे म्हणजे दागिने. आवडत असतील तर घ्या, पण दागिने म्हणून घ्या. आणि आधी ते ठेवायला भिंतीत घट्ट फळी ठोका, लेव्हल बघा, सुईचं वजन नीट लावा. एवढ्याने जो फरक पडतो तो पुढच्या लाखभर रुपयांनी पडेलच असं नाही.

शेवटचं एक. इंग्लंडमधल्या एका गावातल्या फिटरच्या हातासाठी आपण लाखो रुपये मोजतो, आणि ते योग्यच आहे असं मी मानतो. पण मग त्याच जातीचं ज्ञान आपल्या कल्याण-भिवंडी रस्त्यावर किलोने विकलं जातंय, त्याला 'जुनाट धंदा' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. यंत्र गेलं तर गेलं. पण जो मिस्त्री तळव्याने बेअरिंग ओळखतो त्याच्याकडून ते कोणीतरी शिकून घ्यावं, मोजावं, लिहून ठेवावं. हे काम करायला लिश्टेनेगर यायची वाट बघायची गरज नाही. एक लॅपटॉप, एक व्हायब्रेशन सेन्सर आणि चार-पाच शनिवार पुरेत. सुरुवात तरी होईल.

कोणाला यायचं असेल तर सांगा. चहा माझ्याकडून.