खांदा फाटलाय, सुई मारून चालणार नाही

भावांनो, शटरिंगच्या प्लेटा डोक्यावर धरून आणि छताला ड्रिल मारून खांदा हळूहळू झिजतो. स्कॅफोल्डिंगवरून पडताना एका हाताने पाइप धरला, तर एका झटक्यात जातो. मग त्या कुशीवर झोप लागत नाही, हात वर जात नाही. क्लिनिकमध्ये एक्स-रे काढतात, "हाड ठीक आहे" म्हणतात, दुखणं मारायची सुई देतात आणि सकाळी माणूस परत साइटवर!

याला उपचार म्हणत नाहीत. खांद्याला धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे रोटेटर कफ, एक्स-रेत दिसतच नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. बीमला तडा गेला तर आपण पुट्टी मारून रंग देतो का? आधी तडा किती खोल ते बघतो. मग माणसाच्या खांद्याला पुट्टी कशी चालते?

स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे बरं वाटतं, पण फाटलेलं जुळत नाही. वारंवार घेतली तर कंडरा आणखी कमजोर होते. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट खांद्यात टोचायच्या. त्याचा काहींना फायदा होतो, पण अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. पूर्ण तुटलेली कंडरा त्याने जोडली जात नाही. "एका सुईत काम" म्हणणाऱ्याला कर्ज काढून पैसे देऊ नका.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असंही नाही. अर्धवट फाटलेले खूप खांदे काही महिन्यांच्या व्यायामाने सुधारतात. पण पडून पूर्ण तुटलं असेल तर थांबणं महागात पडतं. कंडरा आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते, मग सर्जनलाही जोडता येत नाही. ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि जड कामाला सहा महिने तरी लागतात.

कंपनीला खरी भीती या सहा महिन्यांची आहे. म्हणून सांगतात, "सुट्टी घे, गावी जाऊन दाखव." किंवा म्हणतात, "वयाने झिजलंय." वयाने झिजतं हे खरं, पण काल प्लेट उचलणारा हात आज पडल्यावर उचलत नसेल, तर ते वय नाही, अपघात आहे.

यूएईत २०२१ च्या कामगार कायद्याचं कलम ३७ स्पष्ट आहे. कामावरच्या इजेचा उपचारखर्च मालकाचा. काम करता येत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार आणि उपचार लांबला तर पुढचे सहा महिने अर्धा. ही कुणाची मेहरबानी नाही.

म्हणून त्याच दिवशी अपघाताची नोंद लिहून घ्या, फोटो काढा, साक्षीदारांची नावं ठेवा. एमआरआय लेखी मागा. न वाचता सुट्टीच्या कागदावर सही करू नका. आणि माझ्यासारख्या सुपरवायझरांनो, रिपोर्टमध्ये "किरकोळ" लिहायला पेन उचलण्याआधी एकदा आपला हात डोक्याच्या वर नेऊन बघा.